नवव्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं आणि दुसऱ्या दिवशीचं सेशन कॅन्सल झालं

मी बार्शीची. पुण्याच्या एका कंपनीसाठी घरूनच काम करते, हेल्थ इन्शुरन्सच्या क्लेमच्या फाइल तपासायच्या, डिस्चार्ज कार्ड, बिलं, रिपोर्ट जुळतायत का बघायचं. २०२० पासून हेच चालू आहे. जानेवारी २०२४ ला मुलगी झाली, २६ आठवड्यांची रजा मिळाली आणि जुलैच्या शेवटी परत लॉगिन केलं. तिथून पुढच्या तीन-चार महिन्यांत जे झालं ते लिहायचं कितीतरी दिवस मनात होतं, पण हात धजत नव्हता. आता लिहितेय कारण माझ्यासारखी कुणीतरी रात्री बाळाला मांडीवर घेऊन हेच शोधत असेल असं वाटतं.

सुरुवात कशी झाली हे नीट सांगता येणार नाही. पोरगी झोपली तरी मला झोप यायची नाही. फाइल उघडून बसायचे आणि एकच पान चार-चार वेळा वाचायचे, ॲडमिशनची तारीख कुठली आणि डिस्चार्जची कुठली हे पण डोक्यात राहायचं नाही, दोनदा तर चुकीची फाइल पास केली आणि टीम लीडनी ती पकडली. बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये. पोरीला दूध पाजताना पण काहीच वाटायचं नाही, ना माया ना राग, नुसतं रिकामं. हे रिकामं वाटणंच मला जास्त घाबरवायचं. सासूबाई म्हणायच्या, "अगं बाळंतपणाचं अंग आहे, वर्षभर असं होतं, खा-पी नीट." त्यांच्या बोलण्यात काळजीच होती, पण मला आतून कळत होतं की हे नुसतं अंगाचं नाही.

त्यातच एचआरचा मेल आला, कर्मचाऱ्यांसाठी मानसिक आरोग्याचं ॲप, सहा सेशन कंपनीच्या खर्चाने, सगळं गोपनीय. मी त्याच रात्री अकरा वाजता डाउनलोड केलं. कारण सरळ आहे, बार्शीसारख्या गावात मानसोपचारवाल्या डॉक्टरच्या पायऱ्या चढताना कुणी ना कुणी ओळखीचं दिसणारच आणि संध्याकाळपर्यंत ते माहेरी वैरागला पोचणार. फोनमध्ये असलं की कुणाला दिसत नाही.

आणि खरं सांगते, पहिले दोन आठवडे बरं वाटलं. रात्री तीन वाजता उठून काय करावं कळायचं नाही तेव्हा त्यातला श्वासाचा व्यायाम लावायचे, चार आकडे श्वास घ्या, सहा आकडे सोडा, तेवढ्याने छातीतली धडधड खाली यायची. रोज कसं वाटतंय ते चेहऱ्याच्या चित्रांतून निवडायचं असायचं, त्यामुळे निदान मला हे तरी दिसलं की आठवड्यात पाच दिवस मी एकच चेहरा निवडतेय. म्हणजे अशा ॲपचा काही उपयोगच नाही असं मी म्हणणार नाही. थोडं दडपण असेल, परीक्षा असेल, ऑफिसचा ताण असेल, तर तेवढं पुरत पण असेल. मला तेवढं पुरणारं नव्हतं, आणि हे ओळखायला तिथे कुणीच नव्हतं.

पहिली अडचण भाषेची आली. समुपदेशक निवडताना भाषा मराठी टाकली तर सगळ्यात जवळची वेळ बारा दिवसांनी, आणि हिंदी-इंग्रजी टाकलं तर उद्याच. मी हिंदी घेतली. बारावीपर्यंत हिंदी शिकलेय, सिरियल बघितल्यात, ऑफिसचे कॉल हिंदीत घेते, मला वाटलं जमेल. पण कामाची हिंदी वेगळी आणि जीव उघडा करायची वेगळी. मला सांगायचं होतं की घालमेल होतेय. आता घालमेलीला हिंदीत काय म्हणू? मी 'घबराहट' म्हटलं तर मॅडमनी घाबरण्यावरच पुढचे प्रश्न सुरू केले, कशाची भीती वाटते, कधीपासून वाटते. मला भीती वाटतच नव्हती! मला नकोनकोसं वाटत होतं, कशातच जीव रमत नव्हता, घरात भरलेलं सगळं असून कोंडल्यासारखं होत होतं. मॅडम वाईट नव्हत्या, शांतपणे ऐकायच्या, पण त्या माझ्या भाषांतराशी बोलत होत्या. मी घरी आईशी बोलल्यावर जे दोन वाक्यांत कळलं असतं ते तिथे पंचेचाळीस मिनिटांत पण पोचलं नाही.

दुसरी अडचण जागेची. आमचं घर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. सेशनला मी गच्चीवर जायचे, पाण्याच्या टाकीमागे, कारण तिथेच नेटवर्क पण बरं येतं. शेजारच्या काकू वाळवण बघायला वर आल्या की मी लगेच ऑफिसच्या कॉलवर असल्यासारखं बोलायला लागायचे. मध्येच खालून पोरीचं रडणं ऐकू आलं की माझं लक्ष जिन्याकडे. व्हिडिओ अडकायचा म्हणून मॅडमच म्हणायच्या, कॅमेरा बंद करा, आवाज नीट येईल. मग त्यांना काय दिसणार? आठ-आठ दिवस केसांना कंगवा नाही, ड्रेस कालचाच, जिना चढून आले तरी पाच मिनिटं दम लागतोय, चेहरा सुजलाय, आवाज जड झालाय. समोर बसलेल्या माणसाला यातलं निम्मं तरी न विचारता दिसलं असतं.

तीन सेशन झाल्यावर मॅडम बदलल्या. का बदलल्या ते सांगितलं नाही, नुसतं नोटिफिकेशन आलं की तुमच्या नव्या समुपदेशक या. नव्या मॅडमनी विचारलं, "शुरू से बताइए." परत डिलिव्हरी, परत रजा, परत बाथरूममधला नळ. आपलं दुखणं परत पहिल्यापासून सांगताना ते दुसऱ्याच कुणाचं तरी असल्यासारखं वाटायला लागतं, मी तर त्या दिवशी आधी चुकीची पास केलेली फाइल वाचून दाखवावी तसं बोलत होते.

आता त्या नवव्या प्रश्नाचं सांगते, कारण हे सगळं लिहायचं कारण तोच आहे.

ॲपमध्ये दर पंधरा दिवसांनी एक प्रश्नावली भरायची असायची. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत हे किती वेळा झालं, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. पीएचक्यू-९ म्हणतात त्याला, डॉक्टर लोक पण वापरतात, प्रश्नावली चांगलीच आहे. पण बघा, त्यात झोप नीट लागते का, थकवा येतो का, भूक कशी आहे, लक्ष लागतं का, हे प्रश्न आहेत. सात-आठ महिन्यांचं बाळ असलेली कुठलीही बाई यातल्या निम्म्यांना 'जवळजवळ रोज' म्हणेल. म्हणूनच बाळंतिणींसाठी एडिनबर्गची वेगळी प्रश्नावली १९८७ पासून आहे, दहा प्रश्नांची, हे मला नंतर कळलं. तिच्यात नुसतं झोप लागते का असं विचारत नाहीत, दुःखामुळे झोप उडते का असं विचारतात. ॲपला माझं बाळंतपण माहीत होतं, मी पहिल्याच दिवशी भरलं होतं, पण समोर आली ती सगळ्यांना येते तीच.

शेवटचा, म्हणजे नववा प्रश्न असतो की आपण नसलेलंच बरं, किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात का. आधी दोनदा मी तिथे शून्य टाकलं होतं. खोटं होतं ते. मला भीती होती की कंपनीला कळेल. ऑक्टोबरमधल्या एका शुक्रवारी रात्री पोरगी झोपल्यावर मी बसले आणि ठरवलं की आज खरं लिहायचं, कारण उद्या दुपारी सेशन होतं आणि मॅडमना तोंडाने सांगायची माझी हिंमत नव्हती, म्हटलं त्या उत्तर वाचतील आणि स्वतःच विचारतील. मी 'अर्ध्याहून जास्त दिवस' निवडलं. ते निवडताना अंगठा थरथरत होता. कुणाला तरी पहिल्यांदा सांगितलं होतं मी हे, नवऱ्याला पण नाही, आईला पण नाही.

स्क्रीन बदलली. इंग्रजीत आलं की तुमच्या उत्तरांवरून आमची सेवा सध्या तुमच्यासाठी योग्य नाही, तुमचं पुढचं सेशन रद्द केलं आहे, तातडीची मदत हवी असेल तर खालच्या नंबरवर फोन करा. खाली चार-पाच नंबर. पहिला लावला, वाजून वाजून बंद झाला. दुसरा लावायची ताकद उरली नाही. मी किती वेळ तशीच बसले होते माहीत नाही. मनात एकच आलं की मी खरं बोलले म्हणून मला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्याच ॲपमधून रोजचं नोटिफिकेशन आलं, आज कसं वाटतंय, चेहरा निवडा.

माझं म्हणणं असं नाही की त्यांनी माझं सेशन चालूच ठेवायला हवं होतं. पंचेचाळीस मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर, माणूस कुठल्या गावात बसलाय, बरोबर कोण आहे हे माहीत नसताना असं दुखणं सांभाळता येत नाही हे मला पटतं. नियम-अटींमध्ये लिहिलं पण होतं, ही सेवा आणीबाणीसाठी नाही, मी नंतर जाऊन वाचलं, खूप खाली, बारीक अक्षरात. पण जिथे त्यांची हद्द संपते तिथे माणूस सगळ्यात जास्त अडचणीत असतो ना? तिथेच तुम्ही मशीनकडून एक पान दाखवता आणि निघून जाता. एक फोन करायचा होता हो कुणीतरी. "ताई, तुम्ही आत्ता एकट्या आहात का, घरात कोण आहे, त्यांना उठवता का" एवढं विचारायला कुठली मोठी डिग्री लागते?

त्या रात्री मला सावरलं ते नवऱ्याने. तो पाणी प्यायला उठला आणि मी अंधारात बसलेली दिसले. मी त्याला फोनची स्क्रीन दाखवली, तोंडातून शब्द निघत नव्हता. त्याने वाचलं, माझ्या शेजारी खाली बसला, आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, "मला का नाही सांगितलंस गं." मग त्यानेच शोधून १४४१६ लावला. हा टेलिमानसचा नंबर, केंद्र सरकारचा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेला, चोवीस तास आणि फुकट. भाषा निवडायला सांगतात, मराठी निवडलं. पलीकडून एक बाई मराठीत बोलल्या. मी म्हटलं, "घालमेल होतेय खूप," आणि त्यांनी अर्थ विचारला नाही. त्या म्हणाल्या, "किती दिवसांपासून?" मला तिथेच रडू फुटलं. त्यांनी विचारलं बाळ किती महिन्यांचं, आत्ता बाळ कुणाजवळ आहे, घरी कोण कोण आहे, नवऱ्याला फोन द्या. त्याला सांगितलं की दोन दिवस हिला एकटीला ठेवू नका, रात्री कुणीतरी जागं राहा, आणि सोमवारी जिल्ह्याच्या सरकारी हॉस्पिटलात मानसोपचार विभागात घेऊन जा, ओपीडी सकाळी असते, लवकर जा. त्यापेक्षा जास्त त्या पण करू शकत नव्हत्या, फोनवरच होत्या त्या. पण पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते त्यांनी सांगितलं आणि ते ज्याला सांगायला हवं त्याला सांगितलं.

सोमवारी पहाटेची एसटी धरली. बार्शी ते सोलापूर सत्तर किलोमीटर, दोन तास. सासूबाई पण आल्या, कुणी बोलावलं नव्हतं, पोरीची दुधाची बाटली, दुपटी, डबा सगळं भरून स्टँडवर आमच्या आधी उभ्या. त्यांना आदल्या रात्री नवऱ्याने सगळं सांगितलं होतं. बसमध्ये एकच म्हणाल्या, "मला वाटलं दमलीयेस नुसती. माझं चुकलं."

तिथे लाइन लांब होती, केस पेपर काढून बाकावर दोन तास गेले. पण आत गेल्यावर डॉक्टरांनी जे विचारलं त्यातलं अर्धं मला दोन महिन्यांत ॲपवर कुणी विचारलं नव्हतं. अंगावर पाजता का? पाळी सुरू झाली का? केस गळतात का, थंडी जास्त वाजते का? माहेरी कुणाला थायरॉइड आहे का? आधी कधी असं झालं होतं का? मग मला बाहेर बसवून सासूबाईंना वेगळं विचारलं, मग परत मला एकटीला, आणि नवव्या प्रश्नाचं जे होतं ते सरळ मराठीत विचारलं, न घाबरता, जसं ताप आहे का विचारतात तसं. रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या तपासणीतला आकडा, ११ च्या वर निघाला, साधारण चार-साडेचारच्या आत असायला हवा तो, आणि बी-१२ व्हिटॅमिन अगदी कमी. बाळंतपणानंतर काही बायकांचं थायरॉइड बिघडतं आणि त्याने मन पण खाली जातं, दम लागतो, चेहरा सुजतो. मी क्लेमच्या फाइलमध्ये टीएसएचचे हजारो रिपोर्ट बघितलेत! स्वतःचं मात्र सुचलं नाही, आणि गच्चीवरच्या कॉलमध्ये कॅमेरा बंद असताना दुसऱ्या कुणाला सुचणार होतं?

इथे एक स्पष्ट सांगते, नाहीतर कुणी म्हणेल बघा, नुसतं थायरॉइड होतं. डॉक्टरांनीच सांगितलं की थायरॉइडने भर घातली, पण हे डिप्रेशन पण आहे आणि दोन्हीला औषध लागेल. अंगावर पाजतेय म्हणून त्याला चालणारी गोळी दिली आणि सांगितलं की दोन-तीन आठवडे फरक वाटणार नाही, मधेच सोडू नका. खरंच तिसऱ्या आठवड्यापर्यंत काही वाटलं नाही. एक दिवस पोरगी माझा कानातला ओढून हसली आणि मला हसू आलं, आपोआप.

या सगळ्यात मला जे आधी माहीत असायला हवं होतं ते म्हणजे कोण कोण असतं. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे मानसोपचार शिकलेला डॉक्टर, या सगळ्यांत औषध तोच लिहू शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट थेरपी करतात, तपासण्या करतात, त्यांची नोंदणी आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि नंबर विचारला तर सांगायला त्यांना काही वाटत नाही. समुपदेशक हा शब्द मात्र खूप मोकळा आहे, त्यात एमए केलेले खूप चांगले लोक पण आहेत आणि थोड्या महिन्यांचा ऑनलाइन कोर्स केलेले पण. ॲपवर सगळ्यांच्या नावापुढे एकच शब्द होता, 'एक्स्पर्ट'. फोटो हसरा, खाली स्टार. मी हॉस्पिटलच्या बिलावर डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर नसेल तर क्लेम अडवते, आणि स्वतःच्या मनासाठी तो नंबर एकदा पण विचारला नाही.

गोपनीयतेचं पण मनात राहिलंच. कंपनीला नावानिशी काही जात नाही असं लिहिलं होतं आणि तसं काही गेल्याचं मला तरी दिसलं नाही. पण नववं उत्तर भरताना ती भीती होती म्हणूनच मी दोनदा खोटं भरलं, हे पण खरं. आणि ही भीती उगाचची नाही, अमेरिकेत बेटरहेल्प नावाच्या मोठ्या ऑनलाइन थेरपी कंपनीने लोकांची माहिती जाहिरातीसाठी फेसबुकसारख्यांना दिली म्हणून २०२३ मध्ये तिथल्या सरकारी आयोगाने ७८ लाख डॉलर भरायला लावले. आपल्याकडे तर माणूस आधीच लपून फोन करतो, त्याला एवढी शंका पुरते गप्प बसायला.

गंमत वाटेल पण मी आता परत ऑनलाइनच थेरपी घेते. दर वेळी सोलापूरला जाणं परवडत नाही, पोरगी, काम, एसटी. फक्त आता सुरुवात समोरासमोर झाली. डॉक्टरांनीच एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं, मराठी बोलणाऱ्या, पहिल्या दोन भेटी त्यांच्यासमोर बसून झाल्या, आणि मगच व्हिडिओ कॉल. पहिल्याच भेटीत त्यांनी माझा घरचा पत्ता, नवऱ्याचा नंबर, डॉक्टरांचं नाव लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही फोन उचलला नाही तर मी यांना फोन करणार, चालेल ना?" मी हो म्हटलं. आता प्रत्येक कॉलच्या सुरुवातीला त्या विचारतात, आत्ता कुठे बसलाय, बरोबर कोण आहे. गच्चीवर जावं लागत नाही, सासूबाई पोरीला घेऊन भगवंताच्या देवळात जातात तेवढा तास, आणि शेजारच्या काकूंना मीच सांगून टाकलं. त्या म्हणाल्या त्यांच्या धाकटीला पण असंच झालं होतं, नऊ वर्षांपूर्वी, कुणाला सांगितलं नाही.

कंपनीच्या एचआरला मी जानेवारीत मेल लिहिला. तीन गोष्टी मागितल्या. ॲपची लिंक पाठवता त्या मेलमध्येच वर मोठ्या अक्षरात मराठीत आणि हिंदीत लिहा की हे कशासाठी आहे आणि कशासाठी नाही, आणि १४४१६ तिथेच द्या. रजेवरून परत येणाऱ्या बायकांना ॲपच्या आधी एकदा डॉक्टरांना भेटायला आणि रक्त तपासायला पैसे द्या, सहा सेशनपेक्षा स्वस्त पडेल. आणि ॲपवाल्यांना विचारा की नवव्या प्रश्नाचं उत्तर शून्य नसेल तर माणसाचा फोन किती मिनिटांत जातो. पहिली गोष्ट त्यांनी केली, फेब्रुवारीच्या मेलमध्ये नंबर होता. दुसरीवर विचार चालू आहे म्हणाले. तिसरीचं उत्तर ॲपवाल्यांकडून आलेलं नाही, मी दर महिन्याच्या एक तारखेला तोच मेल परत पाठवते.